मोबाईलवरील बातमी आणि शेतकऱ्याचा सौदा

शेतकऱ्याचें नशीब पूर्वीं पावसाच्या हातीं असे. सांप्रत तें अर्धें पावसाच्या व अर्धें बातमीच्या हातीं गेलें आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. दिल्लींत एका कागदावर सही होते आणि दुसऱ्या दिवशीं लासलगांवच्या बाजारांत कांद्याचा भाव निराळा निघतो. अरबी समुद्रांत वादळ उठतें आणि त्याच्या दिशेवर श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागांचें भवितव्य अवलंबून राहतें. असल्या घडामोडींची वार्ता पूर्वीं खेड्यांत दोन-चार दिवसांनीं पोंचे. आज ती घडतां घडतांच शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाईलवर येऊन थडकते. ही सोय लहानसहान नव्हे. परंतु जोरानें आलेलें पाणी जसें गाळ घेऊन येतें, तशीच घाईनें आलेली बातमीहि पुष्कळदां गढूळ असते. आणि ती निवळूं न देतां प्यालें म्हणजे काय होतें, याचा चटका प्रस्तुत लेखकाच्या घरासहि बसला आहे.

मीं महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें घालविलीं. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. इंग्रजी कामापुरतें, तेंहि नोकरींत शिकलेलें. तेव्हां इंटरनेटचें शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. परंतु हा कागद कोणाचा, तारीख कोणती, अंमल कधींपासून, नक्कल अस्सलाबरहुकूम आहे कीं नाहीं, हें पाहण्यांत माझी हयात गेली. मोबाईलवरील बातमी वाचतांना हीच संवय उपयोगी पडते असा अनुभव आल्यावरून हा लेख आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

पूर्वींची रीत व आतांची

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणपति बोळवून लोक निजले होते. मी त्या वेळीं एका तहसील कचेरींत नवा कारकून होतों. सकाळीं कचेरींतील एकुलत्या एका रेडिओभोंवतीं शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सर्व उभे राहिले. आकाशवाणी जेवढें सांगेल तेवढेंच कळे, आणि पुढचें कळण्यास पुढील बातमीपत्राची वाट पाहावी लागे. हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं, हें पुरतें ध्यानांत यावयास वर्तमानपत्रांचे दोन-तीन दिवस लागले. बातमी उशिरा येई. परंतु ती एकाच तोंडून येई, आणि त्या तोंडावर आपल्या शब्दाची जबाबदारी असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट भारतांतील सामान्य ग्राहकांस खुलें केलें. प्रथम तें मोठ्या शहरांपुरतें होतें. पुढें मोबाईल आला, २०१६ नंतर त्यावरील डेटा स्वस्त झाला, आणि ज्या गांवीं एस. टी. दिवसांतून दोनदां येते त्या गांवींहि बातमी दिवसांतून शंभरदां येऊं लागली. इकडे तारखात्याची तार दीडशेंहून अधिक वर्षें सेवा करून २०१३ च्या जुलैंत बंद पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्या वाडीस गाडीचा रस्ता नव्हता, मदत करणारे डोंगर चढून पायीं गेले; तथापि दुसऱ्या दिवशींच सर्व महाराष्ट्र तें दृश्य आपापल्या हातांत पाहत होता. त्याच वर्षीं २२ ऑगस्टला, नाफेड वगैरे संस्थांमार्फत आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलास २,४१० रुपये भावानें घेणार, ही वार्ता त्या वेळचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं जपानच्या दौऱ्यावरून समाजमाध्यमावर दिली, आणि जपानांतील ती ओळ नाशिक जिल्ह्यांतील बांधावर तत्काळ वाचली गेली.

मोठी घटना घडली म्हणजे लोक आतां काय करतात, तें कोणत्याहि गांवच्या पारावर पाहावें. प्रथम एकाच्या व्हॉट्सॲपवर निरोप येतो. तो मोठ्यानें वाचून दाखवितो. दुसरा यूट्यूबवर त्याच विषयाचें चित्र शोधतो. तिसरा वृत्तवाहिनी मोबाईलवरच लावतो. चौथ्याच्या गटांत तोच निरोप आलेला असतो, पांचव्याच्याहि असतो. आणि पांच ठिकाणीं आला म्हणून तो खरा, असा निकाल लागतो. येथेंच चूक होते. पांच गटांतून एकच मजकूर आला म्हणजे पांच साक्षी झाल्या असें नव्हे. एकाच कागदाच्या पांच नकला झाल्या. मूळ कागद खोटा असेल तर नकला पन्नास काढल्यानें तो खरा होत नाहीं, हें ज्यानें एकदां तरी फेरफाराचा वाद पाहिला आहे त्यास सांगावयास नको.

रविवारचा निरोप

आतां घरची हकीकत सांगतों. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं सरकारनें कांद्यावर शेंकडा ४० निर्यातकर बसविला. ऑक्टोबरच्या अखेरीस टनास ८०० डॉलर हें किमान निर्यातमूल्य ठरविलें. आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात अजीबात बंद केली. मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. नाशिक जिल्ह्यांत अनेक बाजारांत त्या दिवशीं लिलाव बंद पडले. हें सर्व वाचकांस ठाऊकच आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्यें माझ्या पुतण्याचा रांगडा कांदा निघाला. रांगडा कांदा उन्हाळ कांद्याप्रमाणें चाळींत सहा महिने राहत नाहीं. काढावा आणि विकावा, हीच त्याची रीत. दोन ट्रॉल्या माल भरून सोमवारीं बाजारास जावयाचें ठरलें होतें. १८ तारखेस, रविवारीं, निरोप आला : “कांदा निर्यातबंदी उठली.” खालीं फटाक्यांचीं चित्रें. संध्याकाळपर्यंत तोच निरोप गांवांतील प्रत्येक मोबाईलवर होता. पारावर विचार झाला कीं आतां भाव चढणार, घाई करणारा फसणार. पुतण्या माझ्याकडे आला व म्हणाला, “काका, तुम्ही कागदपत्रांतले माणूस. काय करूं?” मीं तो निरोप वाचला, टी.व्ही.वरील पट्टी पाहिली, आणि मान हलविली. तीस वर्षें दुसऱ्यांच्या कागदांवर “अस्सल हजर करा” असा शेरा मारणाऱ्या मला, या निरोपाचा अस्सल कोठें आहे, हें विचारण्याचें सुचलें नाहीं. ट्रॉल्या अंगणांतच राहिल्या.

सोमवारीं, १९ तारखेस, लासलगांवीं कांद्याचा सर्वसाधारण भाव १,८०० रुपये झाला. शनिवारीं, १७ तारखेस, तो १,२८० होता. म्हणजे एका सुटीच्या दिवसांत शेंकडा चाळिसांची चढ. पारावरील मंडळींस आपलें शहाणपण पटलें. बुधवारपर्यंत अडीच हजार होणार असें बोलूं लागले. मंगळवारीं, २० तारखेस, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनीं खुलासा केला कीं बंदी उठलेली नाहीं, ती ३१ मार्चपर्यंत कायम आहे. भाव उतरला. सोमवारचा भाव आमच्या दारावरून गेला आणि आम्ही ओसरीवर बसून तो मोबाईलवर पाहिला, इतकेंच. माल पुढच्या आठवड्यांत विकला तो बऱ्याच खालच्या भावानें. त्याच पैशांतून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरावयाचा होता. तो मुदतींत भरतां आला नाहीं व व्याजाची सवलत गेली. पुतण्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्यानें दोष दिला असता तर बरें वाटलें असतें.

पुढें मीं शांतपणें शोध घेतला, तेव्हां असें दिसलें कीं ती बातमी निखालस खोटीहि नव्हती. मंत्र्यांच्या समितीनें ठराविक टनांपर्यंत निर्यातीस संमति दिली, असें वृत्त त्या रविवारीं आलें होतें. आणि मार्चच्या आरंभीं बांगलादेशास ५०,००० टन कांदा सरकारी सहकारी संस्थेमार्फत पाठविण्याची परवानगी निघालीहि. म्हणजे मूळ वार्तेंत “समिति”, “संमति”, “ठराविक” हे शब्द होते. एका हातांतून दुसऱ्या हातांत जातां जातां ते एकेक गळाले आणि “बंदी उठली” एवढे दोनच शब्द आमच्यापर्यंत पोंचले. नक्कल करतांना “पोटखराबा वजा जातां” हे शब्द सुटले तर क्षेत्र वाढतें. पण तें कागदावर वाढतें, जमिनींत नव्हे. तशीच ही गोष्ट झाली.

हुकुमाची परीक्षा

यावरून मीं स्वतःकरितां एक नियम केला. सरकारी निर्णयाची कोणतीहि बातमी आली म्हणजे तिला पांच प्रश्न विचारावयाचे : हुकूम कोणी काढला? कोणत्या तारखेस? अंमल कोणत्या तारखेपासून? कोणत्या मालास लागू? आणि शर्ती कोणत्या? या पांचांचीं उत्तरें जींत नाहींत ती बातमी नव्हे, बोलणें होय.

अस्सल कोठें सांपडतो, हेंहि जाणून घ्यावें. निर्यात खुली कीं बंद, याची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालय काढतें व आपल्या संकेतस्थळावर ठेवतें. निर्यातकराचा हुकूम अर्थखात्याच्या महसूल विभागाकडून निघतो. केंद्र सरकारचीं पत्रकें पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि त्यांतील पुष्कळ मराठींतहि असतात. अधिसूचनेची भाषा इंग्रजी व क्लिष्ट असते हें खरें. परंतु तारीख, मालाचें नांव आणि मुदत एवढें तरी गांवांतील शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलगा वाचून देऊं शकतो.

आतां हे पांच प्रश्न लावून पाहूं. ३१ मार्च २०२४ रोजीं बंदीची मुदत संपणार, म्हणून १ एप्रिलला बाजार खुला होईल अशी अनेकांनीं आशा धरली होती. पण २२ मार्चलाच दुसरी अधिसूचना निघाली व बंदी “पुढील हुकूम होईपर्यंत” वाढविली गेली. जो तारखेवर विसंबला आणि नवा कागद पाहावयास विसरला, त्याचा माल पडून राहिला.

पुढें ४ मे २०२४ रोजीं बंदी खरोखरीच उठली. तथापि शर्ती पाहा : किमान निर्यातमूल्य टनास ५५० डॉलर व त्यावर शेंकडा ४० कर. हिशेब केला तर टनास ७७० डॉलर झाले; त्या वेळच्या डॉलरच्या भावानें किलोस सुमारें ६४ रुपये. परदेशांतील गिऱ्हाइकास एवढ्या किमतीस आपला माल परवडेल काय, हा विचार “बंदी उठली” या दोन शब्दांत कोठें होता? व्यापाऱ्यानें तो हिशेब पहिल्या घटकेंतच केला. शेतकऱ्यानें फटाक्यांचीं चित्रें पुढें पाठविलीं. १३ सप्टेंबर २०२४ रोजीं किमान निर्यातमूल्य काढून टाकण्यांत आलें व कर शेंकडा २० वर आला. आणि शेवटीं तोहि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. येथेंहि एक बारकावा आहे. हा शेवटचा निर्णय २२ मार्च २०२५ रोजीं जाहीर झाला, पण अंमल १ एप्रिलपासून. जाहीर होणें व अंमलांत येणें यांमध्यें आठ-दहा दिवसांचें अंतर होतें. ज्याचा कर दहा दिवसांनीं माफ होणार तो निर्यातदार आजच माल बोटीवर कां चढवील? शेतकऱ्यानें आपली ट्रॉली काढण्यापूर्वीं हा प्रश्न मनाशीं विचारला पाहिजे.

बाजारभावाचें वाचन

दुसरी चूक भाव वाचण्यांत होते. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजच्या रोज बाजारसमितीवार आंकडे दिलेले असतात : आवक, किमान दर, कमाल दर व सर्वसाधारण दर. गटागटांतून जो निरोप फिरतो त्यांत बहुधा कमाल दर तेवढाच असतो. कमाल दर हा कधीं कधीं एकाच निवडक ट्रॉलीस मिळालेला असतो. बाजारांतील बहुतेक माल सर्वसाधारण दराच्या आसपास गेलेला असतो. आपला माल त्या एका ट्रॉलीसारखा आहे काय, हें आपण आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें ठरवावें.

शिवाय आवकेचा आंकडा दराइतकाच महत्त्वाचा होय. भाव चढल्याची बातमी ज्या घटकेस आपल्याकडे येते त्याच घटकेस ती जिल्ह्यांतील प्रत्येक कांदेवाल्याकडे जाते. सर्वांनींच दुसऱ्या दिवशीं माल आणला तर आवक दुप्पट होते व चढलेला भाव आपल्याच गर्दीखालीं चिरडला जातो. पूर्वीं बातमी ज्यास आधीं कळे त्यास लाभ होई. आतां ती सर्वांस एकाच वेळीं कळते; म्हणून ती कळण्यांत लाभ राहिला नाहीं, ती नीट समजण्यांत राहिला आहे.

वादळ व पाऊस

हवामानाच्या बातमीबाबत इंटरनेटचे उपकार मानावे तितके थोडेच आहेत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजीं दुपारीं रायगड जिल्ह्यांत श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर होता. हवामान खात्यानें सूचना आधींच दिली होती व किनाऱ्यावरील लोकांस सुरक्षित जागीं हलविण्यांत आलें. नारळ, सुपारी व आंब्याचीं झाडें मात्र हलवितां येत नाहींत. पिढ्यांच्या बागा एका दुपारीं आडव्या झाल्या. वादळानंतर विजेचे खांब पडले, मोबाईलचे मनोरे बंद झाले, आणि रायगड व रत्नागिरीकडील पुष्कळ गांवें कित्येक दिवस जगाच्या बातमीपासून तुटलीं. जेव्हां बातमीची सर्वांत अधिक गरज, तेव्हांच मोबाईल मुका. म्हणून बॅटरीवर चालणारा एक रेडिओ घरांत असूं द्यावा, असें माझें सांगणें आहे.

हवामान खातें इशारे रंगांनीं देतें. हिरवा असल्यास चिंता नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारींत राहा. तांबडा म्हणजे आतां हालचाल करा. हा इशारा जिल्ह्यास असतो, आपल्या शिवारास नव्हे. तांबडा इशारा असतां आपल्या शेतांत ऊन पडलें म्हणून खात्यास हंसूं नये. विजेच्या धोक्याकरितां पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें ॲप विनामूल्य मिळतें. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास तें सूचना देतें. औत धरणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलवर तें असावें. उलटपक्षीं, पूर आला कीं कोणत्या तरी जुन्या पुराचें चित्र आजचें म्हणून फिरूं लागतें. नदींत किती पाणी सोडलें याचा आंकडा जलसंपदा खातें व जिल्हाधिकारी कचेरी देते. तो पाहावा, चित्र पाहूं नये.

अफवेचें पाप

आतांपर्यंत सांगितलें तें पैशाचें नुकसान. यापुढील प्रकार पापाचा आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशा अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारलें. ते सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडील होते. तसले निरोप कित्येक दिवस मोबाईलवरून फिरत होते. ते पुढें पाठविणाऱ्या एकाहि माणसास आपण खुनाला हात लावीत आहों असें वाटलें नसेल. त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येणार नाहीं असें बंधन घातलें. यंत्रानें घातलेलें बंधन तें; मनानें घालावयाचें राहिलेंच आहे.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चांत कोंबडीच्या मांसापासून करोना होतो अशी अफवा उठली. त्यास कांहीं आधार नव्हता व सरकारनें तसें जाहीरहि केलें. परंतु तोंपर्यंत गिऱ्हाईक नाहीसें झालें होतें. कर्ज काढून कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांनीं पक्षी मिळेल त्या भावानें विकले, कोठें फुकट वाटले, कोठें जिवंत पुरले. आणि तो निरोप पुढें पाठविणाऱ्यांत शेतकरीहि होतेच. आपल्या धंद्यावर आपल्याच हातानें कुऱ्हाड घालण्याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं.

सोसायटीची बातमी-वही

दोष सांगून थांबणें बरें नव्हे. उपाय सांगितला पाहिजे. त्या फेब्रुवारीनंतर आमच्या गांवीं आम्हीं एक साधी व्यवस्था केली. सोसायटीच्या कचेरींत एक कोरी वही ठेवली व तींत रकाने आंखले : तारीख, वेळ, बातमी, मूळ कोणतें, आणि शेरा. रोज संध्याकाळीं सात वाजतां कॉलेजांत जाणारे दोन तरुण व मी बसतों. दिवसभरांत आलेल्या शेतकीविषयक बातम्या तपासून त्यांचे तीन वर्ग करतों. ज्याचा अस्सल सरकारी कागद आम्हीं स्वतः उघडून पाहिला तो “हुकूम”. जें जबाबदार वर्तमानपत्रानें किंवा आकाशवाणीनें आपल्या नांवानें दिलें तें “वृत्त”. आणि ज्याचा धनी सांपडत नाहीं तो नुसता “निरोप”. नंतर सारांश बाहेरच्या फळ्यावर लिहितों. हुकुमावर सौदा करावा. वृत्तावर तयारी करावी. निरोपावर कांहींहि करूं नये व तो पुढें पाठवूं नये, असा गांवानें नियम मानला आहे. सर्वच पाळतात असें म्हणणार नाहीं, पण पाळणारे वाढत आहेत.

वहीचा उपयोग लवकरच कळून आला. पहिल्या पानावर बांगलादेशाच्या ५०,००० टनांची नोंद होती. एप्रिल २०२४ च्या अखेरीस सरकारी पत्रक निघालें कीं सहा देशांस मिळून ९९,१५० टन कांदा पाठविण्यास परवानगी दिली आहे. पुन्हां फटाक्यांचीं चित्रें आलीं. या वेळीं पुतण्या वही घेऊन आला. सहा देशांच्या यादींत बांगलादेशाचें नांव होतें, आणि त्याचा आंकडा आमच्याकडे मार्चपासून लिहिलेला होता. तेव्हां हा आंकडा नव्या परवानगीचा नसून आजवर दिलेल्या परवानग्यांची बेरीज आहे, हें आमच्या ध्यानांत आलें. फळ्यावर तसें लिहिलें. त्या दिवशीं आमच्या गांवांतून कोणी बाजाराकडे धांवला नाहीं व कोणी चाळ बंद करून बसलाहि नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें माल विकला.

हुकूम नीट वाचल्यानें भाव वाढतो, असें मी म्हणत नाहीं. भाव आपल्या हातीं नाहीं, आणि तो ठरविणाऱ्यांशीं भांडण करावयाचें तें निराळ्या जागीं केलें पाहिजे. परंतु नुकसान झालें तर तें सरकारच्या धोरणानें किंवा पावसानें व्हावें. कोणा अज्ञात माणसाच्या अंगठ्यानें होऊं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे. वहीस खर्च जुजबी, व रोजची अर्धी घटका. प्रत्येक सोसायटीच्या गांवीं एखादा सेवानिवृत्त शिक्षक, तलाठी किंवा कारकून असतोच. त्यानें हें काम अंगावर घ्यावें, अशी माझ्या व्यवसायबंधूंस विनंति आहे.

हल्लीं आमच्या वहींत नोंद पुतण्याच करतो. त्याचें अक्षर माझ्याहून चांगलें आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यांत तो पुष्कळदां दोनच शब्द लिहितो : “अस्सल पाहावा.”